कुंडी, किनारा की फ्लेमिंगो?

मूल सात-आठ वर्षांचं, घर मुंबई-ठाण्याकडे, आणि सुट्टीत त्याला शिबिरात न डांबता बाहेरचं काही दाखवायचंय. आम्ही तीन गोष्टी करून पाहिल्या: खाडीवरचे फ्लेमिंगो, ओहोटीचा किनारा आणि फुलपाखराच्या अळ्यांसाठी कढीपत्त्याची कुंडी. माझं मत आधीच सांगते: कुंडीपासून सुरुवात करा.

फ्लेमिंगो आधी निकालात काढू. ठाणे खाडी २०२२पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, तिथे हजारोंनी रोहित पक्षी येतात, खाण्यातल्या शेवाळाच्या रंगद्रव्यांमुळे त्यांची पिसं गुलाबी होतात. मोठ्यांना हे सगळं भारी वाटतं. आमच्या लेकीला दुर्बिणीतून लांबवर गुलाबी पट्टा दिसला आणि दहा मिनिटांत तिने डबा उघडला. दहा-अकराव्या वर्षापर्यंत थांबा.

किनाऱ्याचं तसं नाही. ओहोटीला खडकांतल्या डबक्यापाशी उकिडवं बसलं की पाठीवर शंख घेऊन पळणारे खेकडे दिसतात. वेळ ठरवण्यातच निम्मं विज्ञान आहे. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणून तृतीयेला दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणजे सहा तास आधी, सकाळी सव्वाआठला ओहोटी. लेकीने कालनिर्णय खिळ्यावरून उतरवून स्वतः हिशेब केला, मग भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिला. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत पाणी बरंच मागे जातं. पण सोबत जाणकार हवा; 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७पासून अशा फेऱ्या काढतात. कालवांच्या धारेने पाय कापतो, तेव्हा बूट घाला. पावसाळ्यात नकोच. उचललेला दगड होता तसाच ठेवायचा, आणि रिकामा शंखसुद्धा घरी आणायचा नाही, तो कुणा खेकड्याचं पुढचं घर असतो.

आता कढीपत्त्याची कुंडी. फारसा खर्च नाही, प्रवास नाही, आणि रोज पाहता येतं. बाकी दोन्हींत नेमकं हेच जमत नाही. नर्सरीतल्या रोपावर औषध मारलेलं असू शकतं, म्हणून नवी पालवी फुटेपर्यंत धीर धरा. काळं फुलपाखरू येऊन कोवळ्या पानावर एकेक अंडं चिकटवून जातं. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते. गवताच्या काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून लाल दुहेरी शिंग काढते आणि उग्र वास सोडते. ('ई' आणि 'परत कर' एकाच दमात ऐकायची तयारी ठेवा.) अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना.

दरवेळी गोड शेवट होत नाही. आमच्या एका कोषाला भोक पडून त्यातून चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्या निघाल्या. लेक रडली, मग भिंग घेऊन त्या मोजायला बसली आणि चाळिशीनंतर चुकली.

चार अळ्या आठवड्यात रोप बोडकं करतात. दोन कुंड्या घ्या, एक फोडणीसाठी.