जुन्या गाडीला टर्बो बसवताना झालेली फसवणूक

जुन्या गाडीला टर्बो बसवून देतो असे सांगून म्हापसा भागातील एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून 1,65,000 रुपये घेतले आणि गाडी ताब्यात मिळाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत तिचे इंजिन निकामी झाले. त्याने केलेल्या लबाडीपैकी बरीचशी माझ्या डोळ्यांदेखत घडली होती. तिचा अर्थ मला तेव्हा कळला असता तर मी पहिल्याच दिवशी गाडी परत आणली असती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी गाडी म्हणजे 2008 सालची 1298 सीसीची पेट्रोल स्विफ्ट. ऑक्टोबर 2022 पर्यंत ती 1,82,000 किलोमीटर चालली होती. आम्ही डिचोलीला राहतो आणि माझी सासुरवाडी बेळगावला आहे, त्यामुळे साखळी, केरी आणि मग चोर्ला घाट हा रस्ता महिन्यातून एकदा तरी ठरलेला असतो. चार माणसे, सामान आणि एसी एवढे असले की घाटात गाडी दुसऱ्या गिअरवरही दमायची. नवी गाडी घेण्याची तेव्हा ऐपत नव्हती. ओळखीतल्या एकाने या गॅरेजवाल्याचे नाव सुचवले आणि त्याने पहिल्याच भेटीत, "सर, इंजिन एकदम घट्ट आहे, टर्बो बसवला की घाट चौथ्यावर चढेल," असे छातीठोकपणे सांगितले.

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर फिरणारा पंखा, जो दुसऱ्या बाजूने इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 14.7 पीएसआय (दाबाचे एकक, पाउंड प्रति चौरस इंच) असतो. गॅरेजवाला माझ्या गाडीला त्यावर 7 पीएसआयचा बूस्ट, म्हणजे जास्तीचा दाब, देणार होता, म्हणजे सिलिंडरमध्ये जवळजवळ दीडपट हवा जाणार होती. हवा दीडपट झाली की पेट्रोलही त्याच प्रमाणात वाढवावे लागते, ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागते, आणि मुळात पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरच्या भिंती तो दाब सोसण्याइतक्या धड असाव्या लागतात. हे शेवटचे तपासण्यासाठी प्लगच्या भोकात गेज लावून सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते पाहतात, त्याला कॉम्प्रेशन टेस्ट म्हणतात, आणि माझी फसवणूक तिथूनच सुरू झाली.

टेस्टच्या वेळी मी तिथेच उभा होतो. चारही प्लग काढल्यावर त्याने गेज लावण्यापूर्वी प्रत्येक भोकात तेलाच्या कुपीने दोन-दोन पिचकाऱ्या मारल्या. हे कशासाठी, असे मी विचारले तेव्हा "रिंगा मोकळ्या होतात, सर," असे उत्तर मिळाले. मग गेजचा काटा चारही सिलिंडरवर 165 ते 170 पीएसआयच्या दरम्यान थांबला आणि मी निर्धास्त झालो. खरी गोष्ट अशी आहे की सिलिंडरमध्ये तेल टाकले की ते झिजलेल्या रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते आणि आकडा वाढतो. जाणकार मेस्त्री आधी कोरडी टेस्ट करतात, मग तेल टाकून पुन्हा करतात आणि दोन आकड्यांतल्या फरकावरून रिंगांची झीज ओळखतात. माझ्या गाडीची कोरडी टेस्ट त्याने केलीच नाही. पुढे डिचोलीच्या आमच्या नेहमीच्या मेस्त्रींनी ती केली तेव्हा शाबूत राहिलेल्या तीन सिलिंडरांचे आकडे 118, 125 आणि 121 आले. गाडीने एवढे किलोमीटर कापल्यावर इंजिन झिजलेले असणे स्वाभाविक होते, पण अशा इंजिनाला टर्बोचे नावही काढू नये, हे सांगणे त्याचे कर्तव्य होते.

90,000 रुपये मी यूपीआयने आगाऊ दिले आणि बाकीचे 75,000 त्याने रोख मागून घेतले. बिल "कामानंतर" मिळणार होते, ते कधीच मिळाले नाही. अंदाजपत्रकाच्या कागदावर नवा टर्बो, इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी), मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) आणि ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, ट्यूनिंग असे लिहिले होते. गाडी बारा दिवसांनी मिळाली. सुरुवातीला तिचा जोर खरोखरच वाढलेला जाणवला, आणि माझ्या मते या प्रकारातली सर्वांत घातक गोष्ट हीच आहे, कारण जास्तीची हवा कशीही भरली तरी काही दिवस गाडी पळतेच.

बेळगावच्या दुसऱ्या खेपेला, केरी सोडून घाट चढू लागल्यावर, बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. मी एसी बंद केला आणि वेग कमी केला, तरी आवाज थांबला नाही. दोन वळणांनंतर आरशात निळा धूर दिसला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडले तेव्हा डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, आपल्या नळीतून पूर्ण वर आलेली होती आणि ऑइल बॅटरीपर्यंत उडाले होते. पत्नी आणि मुले रस्त्याच्या कडेला दीड तास उभी होती. गाडी टो करून डिचोलीला आणावी लागली.

आमच्या मेस्त्रींनी इंजिन उघडले आणि एकेक गोष्ट बाहेर आली. तिसऱ्या पिस्टनची रिंग बसते ती कड तुटली होती, त्यामुळे ज्वलनाचा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल असते त्या तळाच्या भागात, शिरत होता आणि त्यानेच डिपस्टिक वर ढकलली होती. इंजेक्टर कंपनीचे मूळचेच होते. डॅशबोर्डच्या खाली निळा दिवा लुकलुकणारी एक काळी डबी बसवलेली होती आणि हेच "ट्यूनिंग" म्हणून मला दाखवण्यात आले होते. मेस्त्रींनी तिच्या वायरी माझ्यासमोर मोकळ्या केल्या. सात वायरींपैकी फक्त दोन, पॉवर आणि अर्थिंग, जोडलेल्या होत्या. उरलेल्या पाच वायरींची टोके टेपने गुंडाळून जुडग्यात खुपसलेली होती. दिवा लागावा एवढाच त्या डबीचा उपयोग होता. साध्या गाडीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर वातावरणाच्या दाबापलीकडे मोजण्यासाठी बनवलेला नसतो, त्यामुळे बूस्ट आल्यावर ईसीयूला जास्तीची हवा कळत नव्हती, पेट्रोल कमी पडत होते आणि मिश्रण वेळेआधी भडकत होते. खड्यांसारखा आवाज त्याचाच होता.

टर्बोवर चंदेरी रंग मारलेला होता. उष्णतेने तो पापुद्र्यांसारखा सुटला होता आणि त्याखाली पांढऱ्या ऑइलपेंटने हाताने लिहिलेला आकडा दिसत होता, जसा भंगारवाले सुट्या भागांवर टाकतात. कंपनीची पट्टी उचकटून काढलेली होती. शाफ्ट बोटांनी हलवला तर पंख्याची पाती घराला घासत होती. मेस्त्रींच्या मते तो डिझेल गाडीवरून काढलेला होता. पेट्रोल इंजिनाचा बाहेर पडणारा वायू डिझेलपेक्षा बराच जास्त तापतो, म्हणून डिझेलसाठी बनवलेला टर्बो इथे टिकण्याची खात्री नसते, तो झिजलेला असेल तर मुळीच नसते.

एका गोष्टीकडे तर माझे लक्षच गेले नव्हते. "टर्बोला मोकळा सायलेन्सर लागतो" असे सांगून त्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, काढला आणि त्याच्या जागी साधा पाइप वेल्ड केला. काढलेला कन्व्हर्टर मला परत दिला नाही. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते आणि भंगारातही त्याला चांगली किंमत येते. गाडीतून काढलेला प्रत्येक भाग, कितीही निरुपयोगी वाटला तरी, त्याच दिवशी मागून घ्यावा.

जाब विचारायला गेलो तेव्हा "जुन्या इंजिनावर गॅरंटी नसते, सर" एवढेच उत्तर मिळाले. "आरटीओ काही बघत नाही" हे त्याचे आधीचे वाक्यही खोटे होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ बनावटीशी विसंगत बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच स्पष्ट केले आहे, आणि कलम 182अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. जबाबदारी मालकाची, म्हणजे माझी होती. विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलामुळे दाव्यावरही पाणी सोडावे लागू शकते. हे सारे मी काम देण्यापूर्वी विचारायला हवे होते, याची मला खंत आहे.

2023 मध्ये गाडीची पंधरा वर्षे पूर्ण होऊन नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली, तोपर्यंत सगळे मूळपदावर आणणे भाग होते. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कोरून रुंद करून, वाढीव मापाचे पिस्टन टाकले, नवा कन्व्हर्टर बसवला आणि त्यात आणखी 58,000 रुपये गेले. गाडी आता पूर्वीसारखीच घाट दुसऱ्या गिअरवर चढते.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी तक्रार दाखल केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क लागत नाही, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. बिल नसल्यामुळे यूपीआयची नोंद, अंदाजपत्रकाचा कागद, मेस्त्रींचा सहीचा अहवाल आणि इंजिन उघडण्यापूर्वी व उघडताना काढलेले फोटो एवढाच माझा पुरावा आहे. टर्बो, ती काळी डबी आणि तुटलेला पिस्टन मी एका खोक्यात सील करून घरी ठेवले आहेत.