न बोललेलं आणि वदवून घेतलेलं: जमिनीखालचे दोन भयपट

अंधारात घुसमटवणारा, जमिनीखाली घडणारा भयपट बघायचा ठरवलात की दोन नावं हमखास पुढे येतात. एक नील मार्शलचा ब्रिटिश चित्रपट ‘द डिसेंट’ (२००५), दुसरा जॉन एरिक डाउडलचा ‘ॲज अबव्ह, सो बिलो’ (२०१४). दोन्हींत माणसं हौसेनं खाली उतरतात, वाट बंद होते आणि परतायचं तर आणखी खोल जावं लागतं. कथा एका वाक्यात सांगितली तर दोन्ही सारखेच वाटतील. मी दोन्ही एकाहून जास्त वेळा पाहिले आहेत आणि माझ्या मते त्यांच्यातला खरा फरक माणसांच्या मनात आहे. पहिल्यात कुणीच मनातलं बोलत नाही. दुसऱ्यात गुहा ते वदवून घेते. तुम्हाला यातलं काय सोसेल, यावर निवड ठरावी.

शेवट फोडणार नाही. सुरुवातीच्या काही गोष्टी मात्र सांगाव्याच लागतील.

‘द डिसेंट’ सुरू होतो स्कॉटलंडमधल्या एका खवळलेल्या नदीवर. सारा, जूनो आणि बेथ या मैत्रिणी राफ्टिंग करून किनाऱ्याला लागतात. साराचा नवरा पॉल आणि लहान मुलगी जेसिका त्यांची वाट बघत उभे असतात. परतताना गाडीत सारा पॉलला विचारते, तू आज असा हरवल्यासारखा का वाटतोस? तो म्हणतो, काही नाही. पुढच्या क्षणी अपघात होतो आणि नवरा, मुलगी दोघंही जातात. या प्रश्नाचं उत्तर साराला मिळत नाही. पुढचा सगळा चित्रपट त्या उत्तराच्या दिशेनं सरकतो, पण ते शब्दांत कुणीच सांगत नाही.

वर्षभरानं सहा जणी अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरात गुहेत उतरायला जमतात. साराला सावरायचं म्हणून ही सहल. घरात कुणी गेलं की भेटायला येणारी माणसं चहापाण्याचं बोलतात, प्रवासाचं बोलतात आणि ज्यासाठी आलेली असतात तेवढंच टाळतात. या बायकांचं तसंच झालंय. रात्री केबिनमध्ये हसणं-खिदळणं चाललेलं असतं आणि प्रत्येकीची नजर मधूनच साराकडे जाऊन परतते. शॉना मॅकडोनाल्डनं सारा अशी उभी केली आहे की ते परतणं तिला दरवेळी कळतं, हे आपल्याला दिसतं.

आणि मग जूनो. नॅटली मेंडोझाची जूनो या चित्रपटातलं मला सर्वांत अस्वस्थ करणारं माणूस आहे. अपघातानंतर ती फार काळ साराजवळ थांबली नव्हती. तिला माफी मागायची आहे, पण कशाची ते सांगता येत नाही. म्हणून ती खोटं बोलते. ठरलेली, नकाशातली गुहा सोडून सगळ्यांना एका अनोळखी गुहेत नेते. आपण मिळून ही शोधू, तिला नाव देऊ, वाटलं तर तुझंच नाव देऊ, असं ती साराला सांगते. जी माफी तोंडातून निघत नाही, ती तिनं एका अख्ख्या गुहेच्या रूपात द्यायला आणली आहे. त्या भेटीपायी सहा जणी अडकल्यात आणि वर कुणालाच माहीत नाही की त्या कुठे आहेत.

आता दोन्ही चित्रपटांतला एकच प्रसंग शेजारी ठेवून बघू: अरुंद सापटीत अडकलेलं माणूस.

‘द डिसेंट’मध्ये सारा अडकते. छातीखाली दगड, पाठीवर दगड, श्वास घ्यायलाही जागा नाही. बेथ (ॲलेक्स रीड) उलटी फिरून तिच्या तोंडासमोर येते. एक चावट, फालतू विनोदही सांगते. तिला म्हणते, तुझ्या बाबतीत जे वाईटात वाईट व्हायचं होतं ते होऊन गेलंय आणि तू अजून आहेस. ही तर नुसती गुहा आहे. अपघाताबद्दल साराशी इतकं थेट बोलणारी ही एकटीच, आणि तेही कुठे, तर हातसुद्धा हलत नाही अशा जागी. भीतीनं माझा श्वास अडकला होता आणि त्याच वेळी डोळे भरून आले होते. दुसऱ्या कुठल्या भयपटानं माझ्या बाबतीत हे केलेलं नाही.

‘ॲज अबव्ह’मध्ये कॅमेरा धरणारा बेंजी हाडांच्या ढिगावरून सरपटताना अडकतो. किंचाळतो, हातपाय झाडतो. आपल्यालाही गुदमरायला होतं. प्रसंग शारीरिक पातळीवर पक्का जमलाय. पण बेंजी कोण, त्याच्या मनात काय, हे तोवर आपल्याला ठाऊक नसतं. त्यामुळे तो सुटला की आपणही सुटतो.

तरीही या दुसऱ्या चित्रपटाला हलकं लेखू नका. त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी पहिल्याकडे नाही: खरी जागा. ‘द डिसेंट’च्या गुहा इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत बांधलेल्या होत्या, कारण खऱ्या गुहेत चित्रण धोक्याचं ठरलं असतं. ‘ॲज अबव्ह’ पॅरिसच्या खऱ्या कॅटाकोम्ब्समध्ये, म्हणजे शहराखालच्या हाडांनी भरलेल्या भुयारांत, चित्रित झाला. आपल्याला गुहा म्हटलं की अजिंठा-वेरूळ आठवतं: बेसाल्टमध्ये माणसानं कोरलेली, ताठ उभं राहता येईल अशी लेणी. पॅरिसखालचं प्रकरण वेगळं आहे. तिथला चुनखडीचा दगड काढून शतकानुशतकं वरचं शहर बांधलं गेलं आणि खाली खाणींची पोकळी उरली. १७७४ मध्ये एक रस्ता खचला. त्याचं नाव होतं ‘र्यु द’आंफेर’, म्हणजे नरकाचा रस्ता. पुढे शहरातली दफनभूमी ओसंडून वाहायला लागली, तेव्हा १७८० च्या दशकापासून हाडं या खाणींत हलवली गेली. आज तिथे साधारण ६० लाख माणसांचे अवशेष आहेत असं मानलं जातं. पर्यटकांना त्यातला दीडेक किलोमीटरचा मार्गच खुला आहे. बाकी शेकडो किलोमीटरच्या बोगद्यांत शिरायला १९५५ पासून बंदी आहे, आणि चित्रपटातली मंडळी नेमकी तिथेच चोरून शिरतात.

नायिका स्कार्लेट (पर्डिटा वीक्स) परिसाच्या शोधात आहे. तिच्या वडिलांनी याच शोधापायी आयुष्य घालवलं आणि शेवटी आत्महत्या केली. जॉर्जचा (बेन फेल्डमन) भाऊ लहानपणी बुडाला. खाली हे सगळं वस्तूंच्या रूपात भेटीला येतं. अंधारात एक जुना टेलिफोन वाजतो. जॉर्जच्या घरचा पियानो समोर उभा असतो, त्याची एक पट्टी तशीच बिघडलेली. ही दृश्यं मला अजून आठवतात. अडचण पुढे येते. जो आपलं ओझं मोठ्यानं कबूल करतो त्याला वाट मिळते, असा नियम चित्रपट ठरवतो, आणि मग एकेकाची कबुली भराभर, धावपळीत उरकली जाते. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट दोन वाक्यांत बाहेर पडते आणि माणूस मोकळा होतो. मला ते पटत नाही. पण असंही वाटतं की ज्याला खूप दिवस कुणापाशी काही बोलायचं राहून गेलंय, त्याला हाच चित्रपट जास्त दिलासा देईल.

रक्तपात ‘द डिसेंट’मध्ये कितीतरी जास्त आहे. जवळजवळ निम्मा चित्रपट होईपर्यंत भीती फक्त दगडाची आणि काळोखाची असते. नंतर अंधारात राहणारे, आंधळे, आवाजावर शिकार करणारे जीव येतात आणि मग हिंसा थांबत नाही. ब्रिटनमध्ये त्याला १८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं होतं. ‘ॲज अबव्ह’ पात्रांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांतून दिसतो. चित्र सतत हलतं, ज्यांना गाडी लागते त्यांना मळमळेल.

आणि एक मनापासून सांगते. घरात मूल गमावल्याचं दुःख ताजं असेल तर ‘द डिसेंट’ आत्ता बघू नका. जवळच्या कुणी आत्महत्या केली असेल तर ‘ॲज अबव्ह’बद्दल हेच.

मित्रमंडळींनी जमून, मध्येच ओरडत बघायचा असेल तर ‘ॲज अबव्ह’ घ्या. कोडी आहेत, किमया आहे, इटालियन कवी दांतेनं रंगवलेल्या नरकाचे संदर्भ आहेत, दीड तासात संपतो. एकट्यानं किंवा ज्याच्यासोबत गप्प बसता येतं अशा एकाच माणसाबरोबर बघणार असाल तर ‘द डिसेंट’. मला एकच निवडायचा असेल तर हाच, दरवेळी.

तो निवडलात तर आवृत्ती तपासा. २००६ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित करताना शेवटचा मिनिटभराचा भाग कापला गेला. मूळ ब्रिटिश शेवटात सारा कुठे आहे आणि तिला काय दिसतंय, हे त्या मिनिटात आहे. ते काढलं की उरतो फक्त एक दचका. २००९ चा दुसरा भाग त्या कापलेल्या शेवटावरून पुढे जातो. तो नाही पाहिलात तरी चालेल.

चित्रपट संपला की लगेच बंद करू नका. सुरुवातीचं नदीकाठचं दृश्य पुन्हा लावा. जूनो राफ्टमधून उतरताना पॉल काय करतो ते बघा, आणि त्या वेळी बेथ कुणाकडे बघतेय तेही.