कला-संस्कृती, पर्यावरण की आयआर (आंतरराष्ट्रीय संबंध): उरलेले दोनशे तास कुठे घालावेत?

यूपीएससी किंवा एमपीएससी राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला शंभर दिवस राहिलेत. राज्यव्यवस्था, भूगोल, अर्थव्यवस्था एकदा वाचून झाली आहे आणि हे तीन घटक मात्र तसेच पडून आहेत. रोजचे दोन तास त्यांच्यासाठी निघतात. ते तिघांत सारखे वाटले, तर तिन्ही अर्धवट राहतात. कारण एकाच्या नोट्स लोणच्यासारख्या टिकतात, तर दुसऱ्याच्या दुधासारख्या दोन दिवसांत नासतात. वाटप करताना आधी एवढंच बघायचं: आज वाचलेलं परीक्षेच्या दिवशी खरं असेल का, आणि असलंच तर आठवेल का?

अभ्यासक्रमात कोण कुठे बसतं हेही पाहून घ्या. यूपीएससी पूर्वच्या अभ्यासक्रमात पर्यावरण, जैवविविधता आणि हवामानबदल स्पष्ट लिहिलेले आहेत. कला इतिहासाच्या पोटात येते आणि आंतरराष्ट्रीय संबंध चालू घडामोडींच्या. मुख्य परीक्षेत कला सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात (जीएस-1), आयआर जीएस-2 मध्ये आणि पर्यावरण जीएस-3 मध्ये जातं. राज्यसेवा पूर्वमध्येही पर्यावरणाचा मुद्दा स्वतंत्र आहे. म्हणजे दोन्ही परीक्षांच्या पूर्वसाठी नाव घेऊन सांगितलेला घटक या तिघांत एकच.

पर्यावरण: पहिला नंबर याचाच

दोनशेपैकी नव्वद तास इथे द्यावेत. इथे समजून घेतलेलं वाया जात नाही. अन्नसाखळीत वरच्या पातळीवर साधारण 10 टक्केच ऊर्जा पोचते, हे कळलं की शिकारी प्राणी संख्येने कमी का, ते पाठ करावं लागत नाही. बीओडी म्हणजे पाण्यातला कचरा कुजवायला सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन. 'बीओडी वाढला म्हणजे पाण्यात ऑक्सिजन वाढला' या विधानाला दरवर्षी मुलं फसतात, कारण व्याख्या पाठ असते पण अर्थ डोक्यात बसलेला नसतो.

दुसरा सापळा जुन्या नोट्सचा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात सहा अनुसूची होत्या, 2022 च्या दुरुस्तीनंतर चार राहिल्या: पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची आणि चौथी साइट्स या वन्यप्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारातल्या प्रजातींची. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या संचांत अजून सहा सापडतात. वनसंवर्धन कायदा 1980 चंही 2023 मध्ये नाव बदललं. तेव्हा कायद्याचं पान उघडल्यावर आधी छापल्याचं साल बघा.

आयूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेची संकटातल्या प्रजातींची लाल यादी आणि आपल्या कायद्यातली अनुसूची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माळढोक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे. त्या यादीला भारतात कायद्याचं बळ नाही, ते अनुसूची एकमुळे येतं. माँट्रियल आणि किगाली यांचीही अशीच गल्लत होते. माँट्रियल करार (1987) ओझोन थर खाणाऱ्या वायूंसाठी झाला. त्यांच्या जागी आलेले एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, पण तापमान वाढवतात. म्हणून 2016 ची किगाली दुरुस्ती. भारताची एचएफसी-कपात 2032 पासून सुरू होऊन 2047 पर्यंत 85 टक्क्यांवर जायची आहे. कशामुळे काय झालं हा धागा धरला, तर चार वाक्यांत दोन करार कायमचे लक्षात राहतात.

'कॉप' (करारातल्या देशांची परिषद) या शब्दावर मात्र सावध राहा. 2024 मध्ये जैवविविधतेची सोळावी परिषद कोलंबियात काली इथे झाली आणि वाळवंटीकरणाचीही सोळावीच, रियाधला. हवामानाची एकोणतिसावी बाकूला. नुसतं 'कॉप-16' लिहून ठेवलेली नोट परीक्षेत उलटते.

रामसर स्थळांचा (रामसर करारातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांचा) एकूण आकडा पाठ करू नका, तो वाढत राहतो. शेवटच्या आठवड्यात एकदा बघा. बदलत नाही ते पाठ करा: महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी, गोव्यात नंदा तळं, माँट्रो नोंदीत (धोक्यात आलेल्या रामसर स्थळांच्या यादीत) केवलादेव आणि लोकटाक, तर चिलिका 2002 मध्ये त्यातून बाहेर आलं.

कला-संस्कृती: अथांग, म्हणून कुंपण घालून

पासष्ट तास. त्याहून जास्त देऊ नयेत, कारण या विषयाला तळ नाही. आवड असलेला विद्यार्थी महिनाभर मंदिरांत हरवतो आणि पेपरात एकच प्रश्न येतो, तोही बौद्ध ग्रंथांवर. वाचलेलं शिळं होत नाही हा फायदा, पण उजळणी नसेल तर तीन आठवड्यांत गळून जातं. म्हणून हे पासष्ट तास सलग नकोत. पहिल्या वाचनाला पस्तीस आणि उरलेले तीस तीन उजळण्यांना.

प्रत्येक कलेला चारच प्रश्न विचारा: प्रांत कोणता, आश्रय कोणाचा, साहित्य काय, शेजारच्या कलेपेक्षा वेगळं काय. चौथ्या प्रश्नावरच आयोग विधानं बांधतो. छाऊचं उदाहरण घ्या. सराईकेला झारखंडची, पुरुलिया बंगालची, मयूरभंज ओडिशाची. पहिल्या दोन्हींत मुखवटा असतो, मयूरभंजमध्ये नसतो. संगीत नाटक अकादमी शास्त्रीय नृत्यं आठ मानते, सांस्कृतिक मंत्रालय छाऊ धरून नऊ. प्रश्नात कोणाचं नाव आहे ते वाचल्याशिवाय आकड्यावर खूण करू नका.

अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यावरची, हा समज फार पसरलेला आहे. ती सुकलेल्या गिलाव्यावर काढलेली आहेत. वेरूळच्या 34 लेण्यांचा क्रम (1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन) एकदा पक्का केला की पुरे.

राज्यसेवेच्या मुलांचा घोळ होतो तो हेमाडपंती आणि भूमिज यांत. हेमाडपंती ही बांधणीची रीत: चुन्याशिवाय, दगडाला दगड खाचेत बसवून. भूमिज हा शिखराचा प्रकार: चारी बाजूंना उभे पट्टे आणि त्यांच्यामध्ये छोट्या शिखरांच्या रांगा, जसं अंबरनाथला (1060) किंवा सिन्नरच्या गोंदेश्वराला दिसतं. एक शब्द बांधणीचा आणि दुसरा आकाराचा, तेव्हा 'दोहोंपैकी एक' असा हा मामला नाही. याच गटात दशावतार, पिंगुळीची चित्रकथी, वारली आणि 2025 मध्ये जागतिक वारशात आलेले मराठ्यांचे 12 किल्ले घ्या. त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे. 'सर्व महाराष्ट्रात' हे विधान येणार हे धरूनच चाला.

नेम मारायचा असेल तर या घटकात सर्वांत कमी मारा. यूपीएससीत चूक झाली की एक-तृतीयांश गुण जातात, एमपीएससीत पाव. 2023 पासून 'वरीलपैकी किती बरोबर' अशी रचना आल्यावर एक पर्याय खोडून सुटका होत नाही, आणि कलेत तर्काने उत्तर क्वचितच निघतं. पर्यावरणात ते बऱ्याचदा निघतं.

आयआर: पूर्वसाठी शेवटी, मुख्यसाठी आधी

पूर्वसाठी पंचेचाळीस तास, तेही शेवटच्या महिन्याभरात. सहा महिने आधी काढलेल्या नोट्स पुन्हा काढाव्या लागतात. ब्रिक्समध्ये 2024 ला इजिप्त, इथिओपिया, इराण, यूएई आले आणि 2025 च्या जानेवारीत इंडोनेशिया. शांघाय सहकार्य संघटनेत 2024 ला बेलारूस येऊन सदस्य दहा झाले. सिंधू पाणीवाटप करार (1960) एप्रिल 2025 पासून भारताने स्थगित ठेवला.

न बदलणारा भाग छोटा आहे, तो नकाशासमोर बसून करा. सार्कचं सचिवालय काठमांडूत, बिमस्टेकचं (बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाचं) ढाक्यात. सार्कमधले अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि मालदीव बिमस्टेकमध्ये नाहीत, उलट म्यानमार आणि थायलंड आहेत. इराणचं चाबहार बंदर ओमानच्या आखाताच्या किनाऱ्यावर, पर्शियन आखातात नव्हे. म्यानमारचं सितवे बंदर कलादान नदीच्या मुखाशी.

मुख्य परीक्षेत चित्र उलटं होतं. यूपीएससीत तीन तासांत वीस उत्तरं, म्हणजे एकाला सरासरी नऊ मिनिटं. राज्यसेवेची मुख्यही आता वर्णनात्मक आहे. तिथे बातमी आठवणारा मागे राहतो. प्रत्येक शेजाऱ्याचं एक पान करा: व्यापार, संरक्षण, पाणी आणि सीमा, दुखणं कुठे, वाट काय. बातमी त्या पानावर पेन्सिलने लिहा, म्हणजे पुसता येते.

आंतरराष्ट्रीय सौर आघाडी (मुख्यालय गुरुग्राम), आपत्तीरोधक पायाभूत सुविधांची आघाडी (2019), पॅरिस करार हे पर्यावरणात एकदा नीट केले की आयआरमध्ये परत वाचायची गरज नाही. असे शिल्लक राहिलेले चारपाच तास कलेच्या तिसऱ्या उजळणीला द्या, कारण वेळ कमी पडला की पहिली सुटते ती तीच.