वाइनच्या साहित्याचे दुकान आणि लिलावातून मागे घेतलेल्या बारा बाटल्या

कॅलिफोर्नियात लोडायपासून तासाभराच्या अंतरावर आम्ही राहतो आणि गेली सहा वर्षे दर सप्टेंबरात याच दुकानातून झिनफंडेलची द्राक्षे, यीस्ट आणि बुचे आणून घरी वाइन करतो. द्राक्षे ताजी असतात, वजन चोख असते, हे नेहमीच्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. या वर्षी तेथे मिळालेला सल्ला मात्र सविस्तर लिहून ठेवावा असा आहे.

आमच्या मराठी मंडळाने गावाकडच्या एका शाळेच्या वाचनालयासाठी निधी जमवण्याचा कार्यक्रम ठरवला होता. त्यातल्या सायलेंट ऑक्शनमध्ये, म्हणजे बोली कागदावर लिहून लावायच्या लिलावात, घरच्या वाइनच्या १२ बाटल्या ठेवाव्यात, असे मी सुचवले आणि संयोजकांनी ते आनंदाने मान्य केले. लेबलांचे कोरे कागद घेताना हे मी सहज बोलून गेले, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी बिल करायचे थांबवले आणि गल्ल्यामागच्या फडताळातून एक जाड फाइल काढून माझ्यापुढे उघडून ठेवली.

फाइलमध्ये संघीय नियमावलीच्या २७व्या शीर्षकातील कलम २४.७५ होते. घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, आणि एकच प्रौढ असेल तर १०० गॅलन वाइन स्वतःसाठी व कुटुंबासाठी कर न भरता करता येते, एवढे मला माहीत होते. ही वाइन स्पर्धेला, प्रदर्शनाला किंवा चवीच्या मेळाव्याला घराबाहेर नेता येते, हेही ऐकून होते. पण त्याच वाक्याच्या शेवटी, ती कोणत्याही परिस्थितीत विकता येणार नाही आणि विक्रीस मांडताही येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे, आणि बाईंनी नेमक्या त्या ओळीवर बोट ठेवले. लिलावात बोली लागते, पैसे देऊन बाटली घरी जाते. ते पैसे शाळेला मिळतात म्हणून तो व्यवहार विक्री नव्हे असे म्हणता येत नाही. दान आपण मंडळाला करतो हे खरे, परंतु मंडळ पुढे जे करते ती विक्रीच असते.

मग फुकट चाखायला दिली तर, असे मी विचारले. त्यावर त्यांनी कार्यक्रमाला प्रवेशशुल्क आहे का, असा उलट प्रश्न केला. तिकिटाच्या पैशांत वाइनचा पेला धरलेला असेल, तर राज्याचे मद्य नियंत्रण खाते त्याला विक्रीच मानते. ना-नफा संस्थेच्या निधीसंकलनासाठी घरगुती वाइन देण्याची एक वाट कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ठेवलेली आहे, परंतु ती संस्थेने काढलेल्या परवान्याखाली आणि जागेवरच पिण्यापुरती असल्यामुळे बाटल्यांचा लिलाव तिच्यात बसत नाही. राज्य जेवढे मोकळे ठेवते त्याहून संघीय नियम कडक असेल, तर कडक नियमाप्रमाणे वागावे, हे त्यांचे मत मला पूर्ण पटले. मंडळाचे नाव आणि शाळेचे काम दोन्ही आपल्या हौसेपेक्षा मोठे आहे.

प्राप्तिकराचाही गैरसमज त्यांनी दूर केला. घरी केलेली वस्तू दान दिली, तरी बाजारभावाइतकी वजावट मिळत नाही; ती साधारणपणे साहित्याच्या खर्चापुरतीच असते आणि आपल्या श्रमांची किंमत तिच्यात धरता येत नाही.

अखेर आम्ही लोडायच्या एका परवानाधारक वायनरीकडून २४ बाटल्या विकत घेतल्या, मंडळाने एक दिवसाचा परवाना काढला आणि त्या कार्यक्रमात दिल्या. घरच्या १२ बाटल्या फडताळातच राहिल्या आणि दिवाळीत पाहुण्यांच्या पानांशेजारी आल्या. नाशिकच्या मावसबहिणीने तिकडेही असे करता येईल का, असे फोनवर विचारले, तेव्हा तिला आधीच सावध केले की १९४९च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय वाइन तयार करणे हाच गुन्हा आहे; दानाचा प्रश्न तिकडे फार पुढचा.

दुकानाविषयी एक तक्रार आहे. दाराशी ठेवलेल्या मोफत पत्रकात २०० गॅलनची मर्यादा ठळक छापली आहे आणि जास्तीची वाइन ‘मित्रांना व चांगल्या कामांना द्या’ असा सल्ला आहे. विक्रीच्या मनाईचा एक शब्दही नाही. बाईंशी बोलणे झाले नसते, तर त्या पत्रकाच्या भरवशावर मी बाटल्या नेल्याच असत्या. पत्रक बदलावे, असे मी त्यांना सांगितले आहे आणि येथेही सांगते. त्याचबरोबर सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवण्याचे रसायन, घातलेल्या वाइनच्या बाटलीवर, ती भेट द्यायची असली तरी, तसे लिहावे, हेही त्यात यावे. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो.

बुचे बसवण्याचे यंत्र भाड्याने मिळते. शनिवारी सकाळी गर्दी असते, म्हणून कायद्याचे काही विचारायचे असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जावे. तेव्हा बाई फाइल घेऊन निवांत बसतात.