मोठ्या टायपाची सार्थ ज्ञानेश्वरी, आठ महिने रोज वापरून

सासूबाईंचं वय ७८, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी जुन्या पोथीतली बारीक अक्षरं काही त्यांना दिसेनात, म्हणून आषाढीच्या आधी आळंदीहून ही मोठ्या टायपाची सार्थ ज्ञानेश्वरी आणली, ६५० रुपयाला. कुठल्या प्रकाशनाची ते लिहीत नाही, अशी कुठलीही प्रत घेताना काय बघून घ्यायचं तेवढं सांगायचंय.

पहिलं म्हणजे अर्थ कुठे छापलाय ते बघा. आमच्या जुन्या प्रतीत सगळ्या ओव्या वर आणि सगळा अर्थ पानाच्या तळाला, त्यामुळे डोळे सारखे वरखाली, आणि आईंची ओळ चुकायची. ह्यात आधी गीतेचा श्लोक, मग ओवी आणि लगेच तिच्याखाली तिचा अर्थ. शिवाय प्रत्येक पानावर वरती अध्याय आणि ओवी नंबर आहे, त्याची किंमत अठराव्या अध्यायात कळते, तिथे ७८ श्लोकांवर १८१० ओव्या आहेत, नंबर नसेल तर काल कुठे थांबलो ते शोधण्यातच वेळ जातो. कागद थोडा पिवळसर आहे, ट्यूबलाइटखाली चमकत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. यंदा आईंच्या ऑपरेशनमुळे माझं वारीला जाणं झालं नाही. डोळ्यात दिवसातून सहा वेळा ड्रॉप्स, आधी हात धुवायचे, खालची पापणी हलकेच ओढायची, एक थेंब, मग पाच मिनिटं थांबून दुसऱ्या बाटलीतला. एका दुपारी मेथी निवडता निवडता मी बोलून गेले की ह्या वर्षी माझ्या हातून देवाचं काहीच झालं नाही. आई वाचत होत्या, म्हणाल्या, "इकडे ये, हे वाच बघू."

तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा ।
पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥

अठराव्यातली ९१७वी ओवी, 'स्वकर्मणा तमभ्यर्च्य' ह्या श्लोकावरची. खाली साधा अर्थ, की सगळ्यांच्या ठायी असलेल्या त्या ईश्वराची आपल्या कर्माच्या फुलांनी पूजा केली की तो अपार संतोष पावतो. मला गीतेतलं कर्म म्हटलं की 'कर्मण्येवाधिकारस्ते' तेवढंच माहीत होतं, आणि ते नेहमी मला कोरडं वाटायचं, काम कर आणि फळ मागू नकोस, बस. इथे माऊली म्हणतात कामच फूल आहे. थोडं मागे गेलं की ९०६व्या ओवीत विहित कर्म हीच माझी परम सेवा असं देव स्वतः अर्जुनाला सांगतो, म्हणजे कर्तव्य आधी उरकायचं आणि भक्तीला नंतर वेगळा वेळ काढायचा असं नाहीच मुळी. मी किती वेळ तशीच बसले होते, मेथी हातातच. मग दोनचे ड्रॉप्स घातले.

पण एक गोष्ट खटकली. ह्याच ओव्यांच्या जरा आधी चार वर्णांची कामं सांगितलीत आणि तिथे ह्या प्रतीत नुसता शब्दशः अर्थ दिलाय, एकही टीप नाही. आज कॉलेजातली मुलगी हे वाचेल तर स्वधर्म म्हणजे जात असंच समजेल ना, आणि माझ्या मुलीने तेच विचारलं. अर्थकारांनी तिथे दोन ओळी लिहायलाच हव्या होत्या. कठीण शब्दांचा कोशही शेवटी फक्त चार पानं आहे, तो कमी पडतो.

आणि बांधणी. नुसती डिंकाची आहे, एवढ्या जाड ग्रंथाला ती पुरत नाही, तिसऱ्या महिन्यात नववा अध्याय सुटून हातात आला. घेताना मधोमध उघडून दोरा दिसतो का बघा, नसेल तर दुसरी प्रत मागा. आम्ही शेवटी गल्लीतल्या बाइंडरकडून १२० रुपयात शिवून घेतली, वरून कापडी पाठ लावली. आता ती पाटावर सपाट उघडी राहते आणि आईंना हाताने धरून बसावं लागत नाही.