खर्जाला जागा देणाऱ्या तबकड्या

गेल्या वर्षभरात ठाण्यातल्या माझ्या घरी चार नव्या तबकड्या आल्या. क्लाइन अँड एम.बी.ओ. यांचे 'डर्टी टॉक', अलेक्झांडर रोबोटनिकचे 'प्रॉब्लेम दामूर', आफ्रिका बंबाटाचे 'प्लॅनेट रॉक' आणि चरणजित सिंग यांचे 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' हे त्यांवरचे इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर रचलेले नाचाचे संगीत १९८२-८३ च्या सुमाराचे आहे, छाप मात्र अलीकडचा. टपाल आणि सीमाशुल्क धरून प्रत्येक तबकडी मूळ किमतीच्या जवळपास दुप्पट पडली. हेच संगीत फोनवर सहज ऐकायला मिळत असताना एवढा खर्च करावा का, हे ठरवण्यासाठी मी त्या पुन्हा पुन्हा लावून ऐकल्या.

या संगीताचा प्राण खर्जात आहे, आणि तबकडीवर खर्जाला जागा लागते. स्वर जितका खालचा आणि जोरकस, तितकी खाच अधिक रुंद वळणे घेते. म्हणून तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी केला जातो आणि वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर तो परत वाढवतो. एवढे करूनही एका बाजूवर फार मिनिटे कोंबली, तर आवाजाची पातळीच खाली आणावी लागते. आजोबांच्या कपाटातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर बालगंधर्वांना अख्खे पद साडेतीन मिनिटांच्या आत आटोपते घ्यावे लागत असे. त्याच्या नेमके उलट, डिस्कोच्या काळात आलेल्या बारा इंची सिंगलने एकाच गाण्याला संपूर्ण बाजू देऊन टाकली. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या अशा तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ६९ सेंटिमीटर खाच सरकते. मिनिटाला सुमारे ३३ फेरे घेणाऱ्या लाँग प्लेवर तोच वेग सुमारे ५१ असतो आणि आतल्या टोकाला तो २१ पर्यंत उतरतो. सेकंदाला खाच जितकी लांब, तितकी स्वराला जागा अधिक, आणि हा फरक कानाला थेट कळतो.

'डर्टी टॉक'मध्ये तो सर्वांत आधी कळला. मारिओ बोंकाल्दो आणि टोनी कॅरास्को यांनी १९८२ मध्ये केलेल्या या गाण्यात वाद्ये मोजकीच आहेत, पण प्रत्येक आघाताभोवती मोकळी जागा सोडलेली आहे. फोनवर ऐकताना ती जागा रिकामी वाटते. नव्या छापात तिथे ढोलाचा आघात विरत जाताना स्पष्ट ऐकू येतो. पुढच्याच वर्षी न्यू ऑर्डर या इंग्लिश बँडने 'ब्लू मंडे' हे गाणे रचताना या गाण्याकडून काय घेतले, हे दोन्ही लागोपाठ लावल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. फ्लोरेन्सच्या मॉरिझिओ दामी यांनी रोबोटनिक या नावाने केलेले 'प्रॉब्लेम दामूर' मला अधिक जवळचे वाटते, कारण त्यातला यंत्राचा काटेकोर ठेका आणि फ्रेंच शब्दांतली हळवी विनवणी एकमेकांना पुसून टाकत नाहीत. 'प्लॅनेट रॉक' दमदार छापले आहे. क्राफ्टवेर्क या जर्मन बँडची १९७७ ची धून न्यूयॉर्कमध्ये रोलंड या जपानी कंपनीच्या टीआर-८०८ या ठेकायंत्रावर चढली की काय घडते, ते इथे पूर्ण ताकदीने ऐकू येते.

खरा विस्ताराने लिहावा असा विषय मात्र चरणजित सिंग यांच्या तबकडीचा आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ मध्ये मुंबईत ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र आणि टीआर-८०८ ही रोलंडची तीन यंत्रे घेऊन दहा राग ध्वनिमुद्रित केले. शिकागोच्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या तबकडीमुळे टीबी-३०३ जगाला माहीत झाले ते १९८७ मध्ये, म्हणून पाश्चात्त्य श्रोते सिंग यांच्या तबकडीकडे तिथून पुढे आलेल्या अ‍ॅसिड हाउस या नाचाच्या संगीताची पूर्वसूचना म्हणून पाहतात. माझ्या मते आपल्याला तिचे कौतुक वेगळ्या कारणासाठी वाटायला हवे. एकट्या वादकाच्या साथीला बेस गिटार मिळावी म्हणून बनवलेल्या टीबी-३०३ या छोट्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि ती घसर म्हणजे मींड आहे, हे रागसंगीत कानात असलेल्या माणसाने ओळखले. मालकंसात ऋषभ आणि पंचम वर्ज्य असल्यामुळे स्वरांमधली अंतरे मोठी आहेत. ती ओलांडताना खर्जातला स्वर ज्या तऱ्हेने ओढला जातो, ती ऐकताना मला प्रत्येक वेळी आनंदाने भरून येते. आलापीची सावकाश बढत इथे नाही आणि ती शोधूही नये.

मूळ तबकडीवर प्रत्येक बाजूला पाच-पाच राग, म्हणजे जवळपास पंचवीस मिनिटांचे संगीत दाटीवाटीने बसवलेले होते. डोंबिवलीच्या एका संग्राहकाकडे मी ती ऐकली आहे; पहिल्या बाजूच्या अखेरीस येणारा मधुवंती तिथे काहीसा चिरका लागला होता. बॉम्बे कनेक्शन या डच लेबलने २०१० मध्ये हेच संगीत दोन तबकड्यांवर पसरून काढले, आणि माझ्याकडे तोच छाप आहे. यात मधुवंतीतला तीव्र मध्यम स्वच्छ लागतो आणि ठेक्याचा खर्ज दबत नाही.

सगळेच नवे छाप असे नसतात. एका युरोपीय कंपनीकडून मागवलेल्या पाचव्या तबकडीचे मधले छिद्र केंद्रापासून किंचित सरकलेले निघाले. ४५ फेऱ्यांच्या वेगाने साधारण दर सव्वा सेकंदाला लांबवलेला प्रत्येक स्वर वर-खाली झुलत होता, आणि तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला ते असह्य होते. कंपनीने छायाचित्र मागितले, मी पाठवले, त्यानंतर उत्तर आले नाही. म्हणून घेण्यापूर्वी मूळ फीत वापरली आहे का, बाजूवर किती मिनिटे आहेत आणि तबकडी कोणी कापली, हे पाहावे. कापणाऱ्याची खूण बहुधा लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेली असते.

ठाण्याच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याची वेष्टने सादळतात आणि त्यांवर बुरशी धरते, तेव्हा तबकडी आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वेष्टनाबाहेर ठेवणे बरे. चारांपैकी एकच घ्यायची असेल तर चरणजित सिंग यांची घ्यावी, आणि तिच्यावरचा मालकंस रात्री उशिरा, आवाज बेताचा ठेवून लावावा. खर्ज नीट कापलेला असल्यामुळे तो तेवढ्या आवाजातही पुरेसा भरून येतो.