वेब डेव्हलपमेंटचा सबस्क्रिप्शनवाला कोर्स: कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

माझं सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू होऊन पैसे कापले गेले आणि त्याच आठवड्यात या कोर्सची सरावाची खिडकी बंद पडली. व्हिडिओ चालू, मजकूर चालू, पण ब्राउझरमध्येच कोड लिहायची जी जागा असते ती काही केल्या लोड होईना. सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, 'कॅशे साफ करून पाहा.' केली. मग 'दुसरा ब्राउझर वापरून पाहा.' वापरला. शेवटी ब्राउझरचा नेटवर्क टॅब (पान कोणत्या विनंत्या पाठवतं आणि काय उत्तर येतं ते दाखवणारा) उघडून त्यांच्याच सर्व्हरकडून ५०३ येतोय याचा स्क्रीनशॉट पाठवला. ५०३ म्हणजे सर्व्हर सध्या विनंती हाताळू शकत नाही. माझ्या कॅशेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. त्यावर पुन्हा कॅशे साफ करण्याचाच सल्ला. वेब डेव्हलपमेंट शिकवणाऱ्या कोर्सच्या सपोर्टला ५०३ चा अर्थ सांगावा लागला, याचा मला खरोखर संताप आला.

कोर्सचं नाव मुद्दाम देत नाही. याच रचनेचे बरेच कोर्स आहेत आणि मला बोलायचंय ते त्या रचनेबद्दल. एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (त्याचं रूप), जावास्क्रिप्ट (त्याचं वागणं), मग रिॲक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी), मग नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आणि डेटाबेस, शेवटी प्रमाणपत्र, हा क्रम सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. शिकवणारे बरे आहेत, आवाज स्पष्ट आहे, व्हिडिओ छोटे आहेत. नोकरी सांभाळून रात्री बसणाऱ्याला ते सोयीचं पडतं. झालं, एवढं पुरे.

आता ती खिडकी. डावीकडे सूचना, मध्ये कोड, उजवीकडे पान कसं दिसतं ते, आणि खाली 'तपासा' बटण. बरोबर आलं की हिरवी टिक. सुरुवातीला हे फार छान वाटतं. पण तिथे तुमच्या हाती काय येतं ते नीट बघा. फाइल आधीच तयार असते. एचटीएमएलचा सांगाडा भरलेला असतो. स्टाइलशीट जोडलेली असते. पॅकेजेस इन्स्टॉल झालेली असतात, सर्व्हर चालू असतो. आपण मधल्या चार ओळी भरायच्या. कित्येक महिने मी रोज हिरवी टिक मिळवली, आणि त्या काळात रिकाम्या फोल्डरपासून एकही पान उभं केलं नाही, कारण कोर्सने ते कधी करायलाच लावलं नाही.

त्याहून वाईट म्हणजे ही टिक चुकीच्या गोष्टीला मिळते. एक धडा होता, फेच वापरून सर्व्हरकडून माहिती आणायचा. ट्राय-कॅच (एरर पकडायची रचना) लावा, जेसन (माहिती पाठवायचा ठरलेला मजकूर-प्रकार) वाचा, पानावर दाखवा. टिक मिळाली. पुढे तोच कोड माझ्या स्वतःच्या पानात वापरला, पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे होतं, आणि कन्सोलमध्ये (ब्राउझर एरर दाखवतो त्या जागी) लाल ओळ आली: 'अनएक्स्पेक्टेड टोकन', आणि पुढे जेसन वैध नसल्याची तक्रार. माझा जेसन तर व्यवस्थित होता! नेटवर्क टॅबमध्ये ती विनंती उघडून उत्तराचा मजकूर पाहिला तेव्हा उलगडा झाला. सर्व्हरने ४०४ देऊन सोबत 'पान सापडलं नाही' असं एचटीएमएलचं पान पाठवलं होतं, आणि माझा कोड त्या एचटीएमएलचा पहिला कोनी कंस जेसन समजून वाचायला गेला होता.

मुद्दा असा की, ४०४ किंवा ५०० (सर्व्हरवरचा बिघाड) आला म्हणून फेचचा प्रॉमिस रिजेक्ट होत नाही, म्हणजे फेच त्याला अपयश मानत नाही. विनंतीच पोचली नाही, नेटवर्क तुटलं, किंवा कॉर्सने (दुसऱ्या डोमेनकडून माहिती घेण्यावरच्या ब्राउझरच्या नियमाने) अडवलं, तर होतो. सर्व्हरने 'नाही' असं उत्तर दिलं तरी फेचच्या दृष्टीने ते उत्तर आलेलंच असतं. म्हणून रिस्पॉन्सचं ओके हे मूल्य आपण स्वतः तपासायचं असतं. स्टेटस २०० ते २९९ मध्ये असेल तरच ते खरं असतं. एमडीएनवर (वेब तंत्रज्ञानाची माहिती देणाऱ्या मोफत साइटवर) हे सरळ लिहिलेलं आहे. कोर्सच्या अधिकृत उत्तरात ही तपासणी नाही, कारण त्यांच्या खिडकीतला सरावाचा सर्व्हर कधी ४०४ देतच नाही. तिथे सगळं नेहमी यशस्वी होतं. जिथे काही बिघडतच नाही तिथे बिघाड ओळखायला कोण कसा शिकणार?

तसंच बटणाचं. एका धड्यात क्लिक झाल्यावर मेनू उघडायचा होता. मी मुद्दाम बटणाऐवजी साध्या डिव्हवर (नुसत्या डब्यासारख्या टॅगवर) क्लिक लावून पाहिला. हिरवी टिक! आता तो डिव्ह कीबोर्डच्या टॅबने गाठता येत नाही, एंटर दाबून चालत नाही, आणि स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) तो बटण आहे हे कळत नाही. माउस वापरू न शकणाऱ्या माणसासाठी तो मेनू नसल्यातच जमा. बटण हा टॅग वापरला की हे सगळं फुकट मिळतं. ॲक्सेसिबिलिटीचा धडा या कोर्समध्ये आहे, पण अगदी शेवटी आणि ऐच्छिक म्हणून. तो एचटीएमएलच्या पहिल्याच आठवड्यात हवा. या बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही.

मधल्या काळात त्यांनी खिडकीत एआय मदतीचं बटण आणलं. कोड अडला की ते दाबायचं आणि दुरुस्त कोड समोर हजर. एररची ओळ वाचायची जी थोडीफार वेळ यायची, तीही गेली. एआयच्या मी विरोधात नाही, स्वतः वापरते. पण त्याला आधी 'ही एरर समजावून सांग, कोड देऊ नकोस' असं सांगते. कोर्सच्या बटणात तो पर्याय नाही.

खिडकी बंद असल्याने मी व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर), नोड आणि गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) माझ्या लॅपटॉपवर घेतलं आणि कोर्स बाहेरून करायला लागले. तेव्हा दुसरी गोष्ट उघड झाली: बरेच व्हिडिओ जुने आहेत. गिटच्या व्हिडिओत शिक्षक पुश करताना, म्हणजे कोड गिटहब या साइटवर चढवताना, टर्मिनलमध्ये तिथला पासवर्ड टाकतात. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून तसा पासवर्ड स्वीकारणं बंद केलंय. आता टोकन किंवा एसएसएच की लागते. त्याच व्हिडिओत मुख्य ब्रँचचं (कोडच्या मूळ शाखेचं) नाव मास्टर. गिटहबवर नव्या रिपॉझिटरीत (प्रोजेक्टचा कोड ठेवायच्या जागेत) ऑक्टोबर २०२० पासून ते मेन असतं. नवख्या माणसाला पुशच्या पहिल्याच पायरीवर नकार मिळतो, आणि व्हिडिओ म्हणतो की हे चालायला हवं. रिॲक्टचा भाग क्रिएट रिॲक्ट ॲप या नवा प्रोजेक्ट उभा करून देणाऱ्या साधनावर उभा आहे, आणि रिॲक्टच्या टीमने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या ॲपसाठी त्याला अधिकृतपणे निरोप दिला. मी व्हीट या तशाच दुसऱ्या साधनाने सुरुवात करून तेच धडे पुरे केले. जमलं, पण ते माझं मी शोधून. दर वेळी ताज्या दराने पैसे घेणाऱ्यांनी एवढे दोन व्हिडिओ पुन्हा रेकॉर्ड करू नयेत?

सगळ्यात जास्त शिकवलं ते पान लोकांसमोर टाकण्याने. कोर्समध्ये याला एक बटण आहे, 'प्रकाशित करा', आणि त्यांच्याच पत्त्यावर ते दिसतं. मी गिटहब पेजेसवर (गिटहबच्या पानं प्रकाशित करायच्या सेवेवर) टाकलं. लॅपटॉपवर सुंदर दिसणारं पान तिथे उघडंबोडकं आलं, ना रंग, ना चित्र. कन्सोलमध्ये दोन ४०४. पहिला स्टाइलशीटचा. पत्त्याची सुरुवात मी स्लॅशने केली होती, म्हणजे डोमेनच्या मुळापासून. गिटहब पेजेसवर प्रोजेक्टचं पान मात्र रिपॉझिटरीच्या नावाच्या उपफोल्डरखाली असतं, त्यामुळे ब्राउझर भलत्याच ठिकाणी फाइल शोधत होता. दुसरा ४०४ चित्राचा. फाइलच्या नावात शेवटचं जेपीजी कॅपिटल होतं आणि कोडमध्ये स्मॉल. विंडोजला सहसा हा फरक चालतो, मॅकलाही त्याच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये चालतो. सर्व्हरला चालत नाही. दोन्ही दुरुस्त्या मिनिटाभराच्या. पण पत्ता कुठून मोजला जातो आणि फाइल नेमकी कोण शोधतं, हे मला त्या संध्याकाळी जेवढं पक्कं कळलं तेवढं कोर्सच्या कुठल्याच धड्यात कळलं नव्हतं.

इथवर लिहून झालं तेव्हा मी पाचपैकी एक तारा देणार होते. पोस्ट करण्याआधी खिडकी पुन्हा सुरू झाली म्हणून सीएसएसचा भाग परत चाळला, आणि मत बदलावं लागलं. तो भाग खरंच अव्वल आहे. रुंदी शंभर टक्के दिली आणि पॅडिंग दिलं की डबा बाहेर का सांडतो, मग बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स का लावायचं, हे इतकं नीट मी कुठे पाहिलं नाही. फ्लेक्सच्या (डबे ओळीत मांडायच्या सीएसएसच्या पद्धतीच्या) आतला डबा लांबलचक मजकुरामुळे आकसत का नाही, तर त्याची किमान रुंदी मुळात ऑटो असते, ती शून्य केली की आकसतो, हेही त्यांनी दाखवलंय. कामावर ही एकच गोष्ट मला पुन्हा पुन्हा उपयोगी पडते. आणि इथे खिडकीचा फायदाच होतो: आकडा बदलला की शेजारी लगेच परिणाम दिसतो. सीएसएसमध्ये काहीतरी चुकलं तर एरर येत नाही, फक्त वेगळं दिसतं, त्यामुळे लगेच दिसणं हेच शिकणं. तर सुधारित मत असं: सीएसएसपर्यंत खिडकी उत्तम, जावास्क्रिप्ट सुरू झालं की तिच्यातून बाहेर पडा. तीन तारे.

पैशांचं बोलायचं तर, ज्याच्यासाठी मी पैसे भरले त्यातलं बहुतेक फुकट मिळतं. ओडिन प्रोजेक्ट हा वेब डेव्हलपमेंटचा ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आणि सुरुवातीलाच लिनक्स, मॅक किंवा डब्ल्यूएसएलवर (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्सवर) सगळं स्वतः उभं करायला लावतो. पायाभूत भागातच गिट येतं आणि प्रोजेक्ट स्वतःच्या रिपॉझिटरीत ठेवायचे असतात. सुरुवात जड जाते, त्याची तयारी ठेवा. फ्रीकोडकॅम्प ही ना-नफा संस्था २०१४ पासून आहे. तिथेही ब्राउझरमधला एडिटर आहे, पण प्रमाणपत्रासाठीचे प्रोजेक्ट आपणच करायचे असतात आणि खिशाला झळ नाही. हार्वर्डचा सीएस५० हा संगणकशास्त्राचा कोर्स ब्राउझरमध्येच चालतो, पण तिथे खरं टर्मिनल मिळतं, खऱ्या फाइली मिळतात, म्हणून तो मला खटकला नाही. माझा राग ब्राउझरवर नाही, एरर झाकण्यावर आहे. आणि एमडीएन तर रोज उघडं असायलाच हवं.

मुलाखतीबद्दल विचारणारे बरेच असतात म्हणून सांगते. एका ठिकाणी छोटा प्रोजेक्ट देऊन स्क्रीन शेअर करायला सांगितली. बटण दाबलं की काहीच होत नाही, कारण शोधा. मी कन्सोल उघडला, तिथे शांतता. नेटवर्क टॅबमध्ये बटण दाबून पाहिलं तर विनंती जात होती आणि ४०१ परत येत होता, म्हणजे ओळख पटवणारा टोकन सोबत जातच नव्हता. कोडमध्ये हेडरचं नाव चुकलेलं निघालं. समोरच्यांनी त्यानंतर जे विचारलं ते सगळं मी कसं शोधलं याबद्दल होतं. प्रमाणपत्राचा विषयसुद्धा निघाला नाही. आता तिथेच प्रशिक्षणार्थी म्हणून काम करतेय, आणि दिवसातला बराचसा वेळ दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचण्यात जातो. कोर्सने एकदाही कुणाचा कोड वाचायला दिला नव्हता. ही उणीव आधी लक्षात आली नव्हती, नाहीतर वर सविस्तर लिहिली असती. आत्ता शिकत असाल तर गिटहबवर एखादा छोटा प्रोजेक्ट घ्या, तो आपल्या मशीनवर चालू करा आणि एका बटणाचा प्रवास क्लिकपासून डेटाबेसपर्यंत शोधून काढा.

तरीही हा कोर्स घ्यायचाच असेल तर वार्षिक नको, एक महिन्याचा घ्या. घेतल्याच दिवशी ऑटो-रिन्यूअल बंद करा. तो पर्याय बिलिंगमध्ये नाही, प्रोफाइलच्या आत 'प्लॅन बदला'मध्ये अगदी खाली आहे. बंद केल्याचा ईमेल येतो, तो जपून ठेवा. बंद केलं तरी भरलेल्या मुदतीपर्यंत सगळं चालू राहतं, हे मी करून पाहिलंय. तेवढ्या महिन्यात सीएसएस संपवा, व्हिडिओंतल्या कल्पना वहीत उतरवून घ्या आणि बाकीचं आपल्या एडिटरमध्ये करा.

बंद असलेल्या दिवसांचे पैसे परत मागितले आहेत. तिकीट अजून उघडं आहे. ५०३ चा स्क्रीनशॉट त्यांनी आता तांत्रिक टीमकडे पाठवला असल्याचं कळवलंय. पैसे आले किंवा नकार आला, तर इथेच खाली लिहीन.